शेत वाचवणारा डॉक्टर

आईच्या अंडाशयाचा कर्करोग कळला तेव्हाच तो तिसऱ्या टप्प्यात होता. पोटात पाणी साचत होतं आणि आम्ही त्याला गॅस समजत होतो; या आजारात बहुतेकींचं असंच होतं. जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेस, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया, केमो. पुढे आजार उलटला.

तेव्हा एक गृहस्थ घरी येऊन सांगून गेले, रक्तापासून बनवलेल्या लसीचा प्रयोग चाललाय, पैसे भरा, नाव घालतो. आकडा ऐकून भाऊ मोसंबीची बाग विकायला निघाला. गिऱ्हाईकही ठरलं.

टाटातल्या एका तरुण डॉक्टरने हे ऐकलं आणि आईसमोर बसला. "मावशी, शेतावरच्या कुत्र्याला चोराच्या चपलेचा वास देतात ना? तसं. तुमच्या रक्तातल्या पेशी काढून त्यांना तुमच्याच गाठीची ओळख द्यायची आणि परत टोचायचं."

"मंग कुत्रं चोराला धरीत काहून नाही?"

"गाठ भोवती कुपाटी घालून बसते. म्हणून नुसती लस पुरत नाही."

कुपाटी मोडायचे प्रयत्नही त्याने सांगितले. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये आजार पुढे गेलेल्या ३१ स्त्रियांवरचं काम मांडलं. लसीच्या जोडीला गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब वापरलं. काहींना त्यांच्याच टी-पेशी बाहेर वाढवून परत दिल्या. १९ जणींना काही ना काही फायदा झाला.

भाऊ उठलाच. डॉक्टरने त्याला हात धरून बसवलं. "दादा, तुलनेला दुसरा गट नव्हता. ही सुरुवात आहे, इलाज नव्हे. शेत विकू नका."

आई नेहमीच्या केमोवर राहिली. मोसंबीचा मृग बहार पाहून, घरच्या खाटेवर गेली. बाग अजून आमची आहे. त्या डॉक्टरचं हे ऋण आहेच. पण त्याला आम्हाला इतकं खरं सांगता आलं ते त्या ३१ जणींमुळे. त्यांनी आपली गाठ, आपलं रक्त दिलं, आणि त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

चाचणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा आणि तो आपल्या डॉक्टरांना दाखवा. विचारायला जवळ कुणी नसेल, तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून तासा-दीड तासावर आहे. आणि लक्षात ठेवा, चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून सहसा घेत नाहीत.