वजनातली घट

शाळेत असताना इंग्रजीच्या बाईंनी एकदा फळ्यावर ‘पिकल म्हणजे लोणचे’ असे लिहिले, तेव्हा मला फार आनंद झाला होता. आमचे आप्पा कारखान्यात ‘पिकलिंग’ला आहेत एवढे मला ठाऊक होते. मी लगेच वर्गात सांगून टाकले, की माझे वडील लोणच्याच्या कारखान्यात आहेत. पुढे आठ दिवस मुली माझ्याकडे कैरीची फोड मागत होत्या.

आप्पा लोणचे घालतात ते लोखंडाचे. एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात पाइपांवर जस्त चढवतात. पाइप आधी कॉस्टिकच्या टाकीत जातो, तिथे त्याचे तेल निघते. मग तो हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत उतरतो आणि अंगावरचा गंज, काळी खपली टाकून वर येतो. मग पाणी, मग नवसागर घातलेले जस्ताच्या क्षाराचे पाणी, आणि शेवटी साडेचारशे अंशांवर वितळलेले जस्त. मी हे एकदा घरी समजावून सांगत होते, तेव्हा आजीने नवसागर हा एकच शब्द उचलला आणि म्हणाली, “म्हंजे कल्हईच की गं!” आजीचे चुकले नव्हते. कल्हईवालाही कथील धरावे म्हणून नवसागरच टाकतो. आणि आंबट पदार्थ धातूला खातो हे आजीला शिकवायला कोणी प्राध्यापक लागले नाहीत. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे तिला तिच्या सासूने शिकवले होते. तेही बहुधा पाठीत धपाटा घालून.

आप्पा त्या ॲसिडच्या टाकीवर एकोणीस वर्षे आहेत. म्हणजे माझ्या वयाइतकी. त्यांच्या शर्टाला टाचणीने टोचल्यासारखी भोके असतात. पट्ट्याचे बक्कल वर्षभर टिकत नाही. आणि त्यांचे पुढचे दात कडेने झिजून पातळ झाले आहेत, ते त्या वाफेनेच. म्हणून ते फोटोत तोंड मिटून हसतात.

२०२५ च्या जूनमध्ये आप्पांच्या पगारातून दीड हजार रुपये कापले गेले. पाइप वजनाला कमी भरतात, तू माल टाकीत विसरतोस आणि चहाला जातोस, असे सुपरवायझरचे म्हणणे. आप्पांचे म्हणणे वेगळे होते. टाकीत ॲसिडबरोबर एक पांढरी पूड घालतात, हेक्झामीन. कामगार तिला ‘औषध’ म्हणतात. औषध असले की ॲसिड गंज खाते, पण खालच्या लोखंडाला फारसे तोंड लावत नाही. ते औषध दीड महिना आलेच नव्हते.

“मग सांगा की त्यांना तसं,” मी म्हणाले.

“सांगितलं. लिवून दे म्हणाले.”

आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. ‘लिहून दे’ म्हणजे गप्प बैस, हे त्यांनाही कळत होते आणि सुपरवायझरलाही. पण घरात आता कॉलेजात जाणारी मुलगी होती! मी त्याच रात्री दीड पानाचा अर्ज लिहिला. त्यात ‘सविनय’ होते, ‘अन्याय’ होता, ‘एकोणीस वर्षांची निष्ठावान सेवा’ होती. मराठीच्या सरांनी पाहिला असता तर पाठ थोपटली असती. आप्पांनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले,

“चांगलं लिवलंस. पर ह्यात लोखंड कुठं हाय?”

मला राग आला. रात्रभर आला. सकाळी मात्र कॉलेजात न जाता आमच्याच संस्थेच्या सायन्स कॉलेजात गेले. तिथले रसायनशास्त्राचे सर मला ओळखत नव्हते. आर्ट्सची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांना वाटले मी गॅदरिंगची वर्गणी मागायला आले आहे. पण ऐकून घेतल्यावर त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, “ॲसिड धातूला किती वेगाने खाते, हे मोजायची सर्वांत जुनी आणि सर्वांत सरळ रीत तुझ्या घरी होण्यासारखी आहे. पट्टी घे, वजन कर, बुडव, काढ, पुन्हा वजन कर. वजनातली घट बोलते.”

त्यांनी एका कागदावर सूत्र दिले. घट मिलिग्रॅममध्ये घ्यायची, तिला ८७.६ ने गुणायचे आणि धातूची घनता, पट्टीचे क्षेत्रफळ व तास यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर येते ते वर्षाला किती मिलिमीटर धातू जाईल याचे. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मी, ८७.६ पाहून बिचकले. हा आकडा कुठला? सर हसले आणि म्हणाले, वर्षाचे तास मोज. ३६५ गुणिले २४ म्हणजे ८७६०. मिलिग्रॅमचे ग्रॅम आणि सेंटिमीटरचे मिलिमीटर करताना दशांश चिन्ह सरकते एवढेच. त्या रुक्ष आकड्यात एक अख्खे वर्ष घडी घालून ठेवलेले होते. बसमध्ये मला तेवढेच सुचत राहिले.

आप्पांनी भंगारातून पाच पट्ट्या कापून आणल्या. पाच सेंटिमीटर लांब, अडीच रुंद, दोन मिलिमीटर जाड. पॉलिश पेपरने घासून आरशासारख्या केल्या आणि पंचाने नंबर मारले. क्षेत्रफळ कडांसकट अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. वजनाचा प्रश्न होता, कारण वाण्याचा काटा इथे कुचकामी. माझी एक मैत्रीण हुपरीची. त्यांच्या घरी चांदीचे काम चालते आणि त्यांचा काटा दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. तिच्या वडिलांनी पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. “या काट्यावर लोखंड पहिल्यांदाच चढतंय,” म्हणाले, आणि हात जोडून मगच एकेक ठेवली. प्रत्येक पट्टी साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास भरली.

रविवारी परड्यात प्रयोग मांडला. आईच्या लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या आप्पांनी न विचारता काढल्या. (त्या बरण्या आईने नंतर घरात घेतल्या नाहीत. अजून परड्यातच आहेत.) दोन भाग पाणी, एक भाग ॲसिड. “आधी पाणी, मग ॲसिड. उलट केलंस तर उसळून तोंडावर येतंय,” हे त्यांनी मला तीनदा सांगितले. एका बरणीत त्यांनी रिकाम्या पोत्याच्या कोपऱ्यातून झाडून आणलेले औषध टाकले. पट्ट्या दोऱ्याला बांधून सोडल्या. बिनऔषधाच्या बरणीत लगेच सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटले. तो हायड्रोजन. शेजारचे काका विडी ओढत बघायला आले, त्यांना आप्पांनी हात धरून बाहेर काढले. दुसऱ्या बरणीत मात्र अधूनमधून एखादाच बुडबुडा, जणू पट्टी झोपली आहे. आप्पा दोन्ही बरण्यांकडे बघून म्हणाले, “झालं की, दिसतंय. आता वजन कशाला?”

त्यांचे खरे होते. जे त्यांना बुडबुड्यांत दिसत होते, तेच मला कागदावर आणायचे होते.

बिनऔषधाच्या पट्ट्या दोन, चार आणि आठ तासांनी काढल्या. औषधाच्या चार आणि आठ तासांनी. काढली की धुवायची, पुसायची आणि लगेच कळीचा चुना ठेवलेल्या डब्यात टाकायची, नाहीतर ओल्या हवेत तिथल्या तिथे तांबूस पडते. उरलेले ॲसिड आप्पांनी चुन्याच्या निवळीत मारून मगच ओतले.

हुपरीच्या काट्याने सांगितले ते असे. बिनऔषधाच्या पट्टीची दोन तासांत घट ०.१६ ग्रॅम, चार तासांत ०.३४, आठ तासांत ०.७०. औषधाच्या पट्टीची चार तासांत ०.०४ आणि आठ तासांत ०.०८. मैत्रिणीचे वडील शेवटचा आकडा सोडून ०.७० कडेच बघत राहिले. “चांदीत एवढी घट आली असती तर आमचं घर बसलं असतं,” म्हणाले.

चार तासांच्या दोन पट्ट्यांची लोखंडाची घनता ७.८६ धरून सूत्राने आकडेमोड केली. बिनऔषधाची पट्टी वर्षाला चौतीस मिलिमीटर, औषधाची चार. पट्टी स्वतः दोनच मिलिमीटर जाडीची! दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते म्हटल्यावर, ॲसिड ताजे राहिले तर पहिली अकराएक दिवसांत संपेल, दुसरी तीन महिने टिकेल. पण मला हवे होते ते सूत्राच्याही आधीच काट्यावर आले होते. औषधात आठ तास विसरलेल्या पट्टीने जेवढे गमावले, त्याच्या दुप्पट बिनऔषधाच्या पट्टीने दोन तासांत गमावले होते. एवढा लांब चहा कोणता कामगार पितो?

सरांना कागद दाखवला तर त्यांनी आधी चुकाच काढल्या. काटा दहा मिलिग्रॅमचा, तेव्हा ‘चार’ असे ठाम लिहू नकोस, तीन ते पाच लिही. पाइपावर खपली असते, तुझी पट्टी घासलेली होती, हे लिही. पाण्याचे तापमान घेतले नाहीस, हेही लिही. मग म्हणाले, प्रयोगशाळेत आता इतका वेळ थांबत नाहीत. धातू विरघळताना विजेचा जो प्रवाह होतो तो मोजून थोड्या वेळात वेग काढतात, आणि त्याच्या मुळाशी फॅरेडेचे १८३३–३४ मधले नियम आहेत. फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. सर हे सहज बोलून गेले. मी मात्र वहीत लिहून घेतले.

त्या दिवसांत मला एक वाईट खोड लागली होती. काहीही दिसले की त्याची घट काढायची. नळाची तोटी, सायकलचे मडगार्ड. एका रात्री आप्पा भाकरी चावत होते आणि मी त्यांच्या दातांकडे बघत मनात ८७.६ ने गुणायला लागले. मग उठून पाणी प्यायला गेले.

नवा अर्ज सात ओळींचा झाला. त्यात निष्ठावान सेवा नव्हती. आप्पांनी खाली सावकाश सही केली. सुपरवायझरने उभ्यानेच वाचला आणि विचारले, “पोरगी सायन्सला आहे काय?”

“न्हाई, आर्टला हाय,” आप्पा म्हणाले.

कागद टेबलाच्या खणात गेला. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत, ते आजतागायत. पुढच्या महिन्यात औषधाची पोती आली. आप्पा म्हणतात, ती आपल्यामुळे नव्हे, गिऱ्हाइकाने माल परत पाठवला म्हणून. मलाही तसेच वाटते.

पण आता दर शनिवारी टाकीत तारेला बांधलेली एक पट्टी ते चार तास सोडतात आणि जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या पुडात घालून घरी आणतात. महिन्यातून एकदा मी हुपरीला जाते. माझ्या निबंधाच्या वहीची मागची पाने त्या आकड्यांनी भरत आली आहेत. परवा सतरा नंबरच्या पट्टीचे वजन करून आले आणि आकडा लिहायला बसले, तर आप्पांनी पेन मागितले. ०.०५. दशांश चिन्हाचा ठिपका त्यांनी इतका दाबून दिला, की तो पुढच्या तीन पानांवर उमटला आहे.