डोंगरांना पुरून उरलेला

चिमटीत धरू म्हटलं तर हाती लागणार नाही, एवढासा हा दाणा. लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. रंग कधी तांबूस, कधी पिवळसर, कधी अगदी पाण्यासारखा. दोन्ही टोकं निमुळती. नाव झिर्कॉन. ग्रॅनाइटमध्ये तो हमखास असतो, नदीच्या आणि समुद्राच्या वाळूतही असतो, आणि कुणाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. पृथ्वीच्या वयाचा शोध घेणाऱ्यांना मात्र त्याची गाठ घेतल्याशिवाय पुढे जाता आलेलं नाही.

झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा हा स्फटिक शिलारस थंड होताना घडतो, आणि घडतानाच त्याचा स्वभाव ठरून जातो. युरेनियमचा अणू आला तर झिर्कोनियमच्या जागी त्याला सामावून घेतो. शिशाला मात्र थारा देत नाही. शिशाच्या अणूचा आकार आणि विद्युतभार त्या रचनेत बसतच नाही. त्यामुळे जन्माच्या वेळी शिशाच्या बाबतीत याची पाटी जवळजवळ कोरी असते. पुढे आतलं युरेनियम आपल्या ठरलेल्या गतीनं शिशात बदलत राहतं. आज दाण्यात जे शिसं सापडतं ते तिथेच तयार झालेलं. युरेनियम किती उरलं, शिसं किती साचलं, हे मोजलं की वय निघतं.

पण एवढ्यावर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. त्याच्यापाशी दोन घड्याळं आहेत. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात आणि त्यातून शिसं-२०६ तयार होतं. युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी वर्षं पुरतात, त्यातून शिसं-२०७. दोन्हींनी एकच वय सांगितलं तर ते धरून चालायचं. दाणा मधे कधी तापला, तडकला, त्यातून शिसं गळालं, तर दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ मध्ये दाखवलं की मेळ न बसणंही वाया जात नाही. एकाच खडकातले असे दाणे आलेखावर मांडले की ते पुष्कळदा एका रेषेत येतात. त्या रेषेच्या एका टोकाला जन्मवेळ मिळते आणि दुसऱ्या टोकाला दुखापतीची वेळ. या दाण्याचं मोठेपण मला इथे दिसतं. आपल्याला काय सोसावं लागलं, ते तो लपवत नाही.

त्याच्यापर्यंत पोचायला कष्ट पडतात. खडक फोडायचा, दळायचा, पाण्यात घोळवून हलका चुरा वाहू द्यायचा. लोहचुंबकानं लोहयुक्त कण काढून घ्यायचे. मग उरलेलं एका जड द्रवात टाकायचं. गारेचे कण वर तरंगतात, झिर्कॉन तळाशी जातो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचून राळेत बसवायचा आणि निम्मा घासून काढायचा. तेव्हा आतले थर दिसतात, एकाभोवती एक. गाभा जुना, बाहेरचा थर कधी कधी कोट्यवधी वर्षांनी नंतरचा. आयनांचा झोत नेमका कुठे सोडायचा, हे इथे ठरवावं लागतं. त्या झोतानं पडणारा खड्डा केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये असाच एक दाणा निघाला. ज्या गोट्याळ खडकात तो सापडला त्याचं वय ३०० कोटी वर्षांच्या आसपास. दाण्याचं वय, २००१ मध्ये प्रसिद्ध झालं त्याप्रमाणे, ४४० कोटी. ज्या खडकात तो जन्मला त्याचा मागमूस उरलेला नाही. शिवाय तिथल्या दाण्यांमधला ऑक्सिजन नेहमीपेक्षा थोडा जड आहे. त्यांच्या शिलारसात द्रवरूप पाण्याचा संस्कार झालेला खडक वितळून मिसळला असावा, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे इतक्या लवकर पृथ्वीवर पाणी होतं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

तरी ४४० कोटी हे पृथ्वीचं वय नव्हे. पृथ्वी याहून लहान नाही, एवढीच ग्वाही तो देतो. पुढचा आकडा त्याच्या उलट स्वभावाच्या वस्तूनं दिला, आणि त्या वाटेवरही हाच भेटतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत जॉर्ज टिल्टन झिर्कॉनमधलं युरेनियम मोजत होते आणि क्लेअर पॅटरसन शिसं. पॅटरसन यांचं शिसं दर वेळी भलतंच जास्त भरे. ते हवेतून, भांड्यांतून, कपड्यांवरून येत होतं. प्रयोगशाळा किती निर्मळ ठेवावी लागते, हे त्यांना या दाण्यांनी शिकवलं. (शिसेयुक्त पेट्रोलविरुद्ध त्यांनी पुढे दिलेल्या लढ्याचं मूळ इथेच आहे.) मग त्यांनी अ‍ॅरिझोनात पडलेल्या कॅन्यन डायब्लो या लोहअशनीतलं ट्रॉयलाइट हे खनिज घेतलं. त्यात युरेनियम जवळपास नाहीच, म्हणून त्यातलं शिसं सूर्यमालेच्या आरंभी होतं तसंच राहिलेलं. इतर अशनींमधल्या आणि सागरतळाच्या गाळातल्या शिशाशी ते ताडून त्यांनी १९५६ मध्ये वय दिलं: ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडेतिकडे. आजही तो आकडा जवळजवळ तिथेच आहे.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्ये झिर्कॉन क्वचितच मिळतो. पण घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन लाव्हाथरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो ना, त्यात पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेबरोबर तो आला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटानं तिथून दाणे वेचले आणि लाव्हाचा मोठा भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेल्याचं दाखवलं. डायनोसॉर संपले तोच हा काळ. सगळ्यात मोठा उद्रेक त्याच सुमारास पृथ्वीवर अशनी आदळण्याच्या आधी झाला की नंतर, यावर अजून वाद चालू आहे.