महेश्वर : एका दिवसाचे बिऱ्हाड

सहकुटुंब प्रवासाचा विषय निघाला की मध्यमवर्गीय गृहस्थ आधी पंचांग पाहत नाही, बँकेचे पासबुक पाहतो. गाडीभाडे, हॉटेलभाडे आणि वरखर्च यांची बेरीज जुळेपर्यंत मुलांची सुट्टी सरते आणि बेत पुढील वर्षावर ढकलला जातो. त्यातून आम्ही माळव्यातले मराठी लोक! पुण्या-नाशिककडची लग्नकार्ये आणि मुंजी, एवढेच आमचे देशाटन. उंबरठ्याजवळचे पाहायचे मात्र राहून जाते. म्हणून गेली काही वर्षे आम्ही एक नेम धरला आहे. वर्षातून दोनदा, घरातल्या झाडून साऱ्यांनी, मुक्काम न करता, महेश्वरला जाऊन यायचे. खर्च म्हणाल तर बसभाडे, नावेचे भाडे आणि चहा. बाकीचे सारे घरच्या डब्यात.

इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर. आग्रा-मुंबई रस्त्याने महू, मानपूर मागे पडले की विंध्याद्रीचा घाट उतरू लागतो आणि माळव्याचे पठार संपून निमाड सुरू होतो. खाली उतरताच हवा जड होते, कापसाची शेते दिसू लागतात. धामणोदला मोठा रस्ता सोडला की महेश्वर फार दूर राहत नाही. उन्हाळ्यात मात्र जाऊ नये. निमाडचे ऊन माळव्याच्या माणसाला सोसत नाही. दिवाळीनंतरचे आणि संक्रांतीच्या आसपासचे दिवस उत्तम. पहाटेची पहिली बस गाठावी, कारण सकाळचे महेश्वर चुकले तर अर्धे महेश्वर चुकले.

सकाळचे म्हणजे काय, तर किल्ल्यातले लिंगार्चन. नर्मदाकाठच्या काळ्या मातीची हजारो इवलीशी शिवलिंगे बोटांनी घडवून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि मग ती माती पुन्हा नर्मदेच्या स्वाधीन करतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेला हा नित्यक्रम आजही चालू आहे, जरी पूजेला बसणाऱ्या ब्राह्मणांची संख्या पूर्वीच्या मानाने थोडी उरली आहे. मुलांना हे पाहायला आवडते. शाळेत ज्यांचा पाय क्षणभर स्थिर राहत नाही अशी मुले येथे अर्धा अर्धा तास मांडी घालून बसलेली आम्ही पाहिली आहेत, आणि मुख्याध्यापक या नात्याने त्याचा किंचित हेवाही केला आहे.

शेजारीच देवी अहिल्याबाईंची गादी. लाकडी खांबांची साधी ओसरी, पांढरी बैठक. १७६७ पासून १७९५ पर्यंत ज्या बाईने होळकरांचे राज्य सांभाळले, काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, तिचा दरबार एवढाच. याच किल्ल्याच्या एका भागात आता मोठे हॉटेल आहे. त्याच्या दारावरून आम्ही प्रत्येक खेपेला ताठ मानेने पुढे जातो.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला येथे आणखी एक आठवण होते. शाहीर अनंत फंदी अहिल्याबाईंच्या भेटीस आला, तेव्हा त्यांनी त्याला तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्यास सांगितले आणि त्याने ते मानले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ही कथा पाठ्यपुस्तकात वाचणे निराळे आणि नर्मदेच्या पायऱ्यांवर बसून सांगणे निराळे. आमच्या घरी रिवाज असा, की घाटावर बसल्यावर प्रत्येक वडीलधाऱ्याने एकेक गोष्ट सांगायची, आणि तीही मराठीत. भ्रमणध्वनी तेवढा वेळ डब्यांच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीशेजारी.

गोष्टींना येथे तोटा नाही. विठोजी होळकरांची छत्रीच घ्या. तिच्या पायथ्याशी हत्तींची कोरीव रांग आहे. त्या हत्तींवरून मुलांचे हात फिरू लागले की आम्ही सांगतो : दुसऱ्या बाजीरावाने १८०१ साली पुण्यात विठोजींना हत्तीच्या पायी दिले, भावाच्या त्या मृत्यूचा डंख घेऊन यशवंतराव होळकर १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्यावर चालून गेले, पेशवा पळाला आणि वर्ष संपता संपता वसईचा तह करून इंग्रजांच्या कच्छपी लागला. मुलांचे हात हळूच दगडावरून निघतात. मराठी राज्याच्या अस्ताचा धडा आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला. इतका खोल तो वर्गात कधी उतरला नाही.

आता थोडे घरचे सांगावे लागते. आमच्या मातोश्री ऐंशी ओलांडलेल्या, कानांनी मंद. नात आठ वर्षांची. तिला मराठी सारे समजते, पण उत्तर हिंदीतून येते. शाळा हिंदी-इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, गल्ली हिंदी. तिला दोष तरी कसा द्यावा? आपल्यापैकी कितीक घरांत आज हेच चालले आहे. पण त्यामुळे पणजी आणि पणती एकाच घरात राहून एकमेकींना परक्या होत चालल्या होत्या. मातोश्रींना भरभर हिंदी ऐकू येत नाही, आणि मुलीला पुन्हा पुन्हा बोलण्याचा धीर नाही. दोघी एकमेकींकडे पाहून हसत, आणि तेवढ्यावर संपे.

गेल्या खेपेस मातोश्री आपले जुने महेश्वरी लुगडे नेसून आल्या होत्या. महेश्वरीचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा; पण तिचे खरे वैभव काठात. विटांच्या रचनेसारखा काठ, चटईसारखा काठ, लाटांचा काठ, चमेलीच्या फुलांचा काठ, आणि हे नमुने किल्ल्याच्या नि मंदिरांच्या दगडांवर सापडतात असे विणकर सांगतात. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून येथे वसविले. मध्यंतरी मरगळलेल्या या धंद्याला १९७९ साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी स्थापन केलेल्या ‘रेहवा’ संस्थेने पुन्हा उभारी दिली. आज गल्लीबोळांतून हातमागांची खटखट ऐकू येते, आणि दारात उभे राहून पाहिले तर सहसा कोणी हटकत नाही.

असाच एक माग पाहून आम्ही घाटावर परतलो, तो नात पणजीच्या पायाशी बसली, लुगड्याचा काठ हातात धरला आणि समोरच्या भिंतीशी ताडून पाहू लागली. एका पट्टीपाशी थांबली. मग मातोश्रींच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारले, “पणजी, ह्याला काय म्हणतात?” मातोश्री म्हणाल्या, “चटई.” मग पदर झाला, निऱ्या झाल्या, ओचा झाला, कासोटा झाला. कासोट्याला मुलगी इतकी हसली की शेजारच्या नावेतला नावाडी वळून पाहू लागला. मातोश्रींनी आपल्या आईने लुगडे नेसायला कसे शिकवले ते सांगायला घेतले. आम्ही दोघे, मुलगा आणि सूनबाई मुकाट्याने दशम्या खात राहिलो. मध्ये बोलणे कुणालाच सुचले नाही.

जेवणाविषयी दोन शब्द. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-पोहे न्यावेत. पण एखाद्या वेळी निमाडी घरगुती खाणावळीत ज्वारीची भाकर आणि ‘अमाडी’ची भाजी अवश्य मागावी. ही आपली अंबाडीच. नावातला ‘ब’ तेवढा वाटेत कुठे गळला, हे शोधायचे काम आम्ही घरातल्या मुलांकडे सोपवले आहे.

दुपारी नाव करून नदीच्या मध्यावरच्या बाणेश्वराला जावे. भाडे आधी ठरवावे. खाली सहस्रधारा आहे. तेथे नर्मदा खडकांतून अनेक धारांनी फुटून वाहते. पाहावी जरूर, पण पाण्यात उतरण्याचा मोह धरू नये. वरच्या धरणांतून पाणी सुटले की पात्र अचानक वाढते.

संध्याकाळी पानावरचे दिवे पाण्यात सोडतात. शेवटच्या बसची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवावी, कारण दिवे पाहत बसले की घड्याळाचे भान राहत नाही. परतताना घाट चढेपर्यंत मुले पेंगतात. या खेपेस नात मात्र जागी होती. पणजीच्या लुगड्याची गोष्ट अजून अर्धीच झाली होती, आणि बसच्या आवाजात मातोश्रींना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. तिने तो दोनदा विचारला.