फुंक राखून

बँडवाल्याला जोरात वाजवायची सवय असते, आणि तिच्यावाचून त्याचं चालतही नाही. नांदूरघाटात नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाकडे निघाला की पुढे ढोल, साईड ड्रम, मागे गाडीवरचे कर्णे, मध्येच कुणीतरी फटाक्यांची माळ लावलेली. त्या गदारोळात सॅक्सोफोनवरची चाल मागच्या पोरांपर्यंत पोचवायची तर छाती रिकामी करावीच लागते. आमच्या भागातली ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमारास परततात आणि मग लग्नांची झुंबड उडते. उन्हात रीड वाळून वाकते, ओठ फुटतात आणि सूर आपसूक करडा होत जातो.

या आवाजातून मी स्टॅन गेट्झपर्यंत पोचलो तो मनोहारी सिंग यांचा हात धरून. आम्हा बँडवाल्यांचे ते न भेटलेले गुरू. ‘आरजू’मधल्या (१९६५) ‘बेदर्दी बालमा’चा त्यांचा सॅक्स ज्याच्या बोटांत बसला नाही, त्याला मी तरी मास्तर म्हणणार नाही. कोलकात्याहून मुंबईला आलेले मनोहारीदा पुढे संगीतकार पंचमदांचे सहायकही झाले. याच पंचमदांनी १९६६ च्या ‘पती पत्नी’मधल्या ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’ला बोसा नोव्हाचा ठेका दिला. हा ठेका आला कुठून, ते मोबाईलवर शोधता शोधता ब्राझील लागलं आणि पाठोपाठ गेट्झ.

गेट्झ अमेरिकन, टेनर सॅक्सोफोनवाला. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात गिटारवादक चार्ली बर्डबरोबर त्याने ‘जॅझ सांबा’ ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्ड अमाप खपली. मला ती आवडते, पण तिच्यात दोन ड्रमवाले आहेत आणि ठेका जरा जड पडतो. खरी गंमत पुढच्या वर्षीची. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ब्राझीलचा गायक जुआंव जिल्बेर्तो गिटार घेऊन बसला, पियानोवर अंतोनियो कार्लोस जोबिम, ड्रमवर एकटा मिल्टन बनाना. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ ही रेकॉर्ड पुढल्या साली बाहेर आली आणि १९६५ मध्ये तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

जिल्बेर्तो गातो ते शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. अंगठा खालच्या तारांवर सरळ ठोका धरून, बाकीची बोटं त्या ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि गळा दोघांनाही न जुमानता तिसरीकडेच. एवढं हळू गाणं मायक्रोफोनशिवाय शक्यच नव्हतं. अशा आवाजाशेजारी सॅक्सोफोन घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळेल. जोर लावणं सोपं असतं. हळू वाजवताना सूर वर चढतो, नाहीतर तुटतो. त्याला उपाय एकच. खालचा ओठ रीडला टेकवायचा पण आवळायचा नाही, जबडा किंचित मागे घ्यायचा आणि पोटातला दाब मात्र वरातीत असतो तसाच ठेवायचा. मग सुराबरोबर श्वासही ऐकू येतो. गेट्झच्या खालच्या सुरांत तो सतत येतो. माझ्या आल्टो सॅक्सोफोनवर खालचा बी फ्लॅट असा काढायला गेलं की आधी नुसती हवाच निघते. नव्या पोरांना मी सांगतो, फुंक कमी करू नका, ओठ ढिला करा.

‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’ त्या रेकॉर्डवर डी फ्लॅटमध्ये आहे. आल्टोवर ते बी फ्लॅट होतं, बोटांना सोयीचं. पण मधल्या कडव्याशी आलात की सगळा डोलाराच अर्ध्या सुराने वर सरकतो. ज्याच्या कानात आयुष्यभर एकच सा भरलेला आहे, त्याला क्षणभर पेटीवाल्याने मध्येच पट्टी बदलली असं वाटतं. तिथे पाच शार्पमध्ये बोटं अडखळतात. गेट्झ मात्र त्या वाटेने पान खाऊन फिरायला निघाल्यासारखा जातो. त्याची करामत करण्याची ताकद सगळ्यांना ठाऊक होती, तरी इथे तो बराच वेळ मूळ चालीलाच धरून राहतो, एखादा सूर उशिरा सोडतो, एखादा गाळतो. या गाण्याची जी छोटी तबकडी बाजारात आली, तिच्यातून जिल्बेर्तोचं पोर्तुगीज गाणं कापून टाकलं आणि त्याची बायको आस्त्रूद हिचं इंग्रजी तेवढं ठेवलं. धंदा झाला, पण गाण्याचा पायाच गेला. ऐकायचं तर पाच मिनिटांचं अख्खं ऐकावं.

आणि एक तक्रार. गेट्झ काही ठिकाणी जिल्बेर्तोपुढे मोठाच वाजतो. त्या मंद गळ्यानंतर सॅक्स शिरतो तेव्हा खोलीत कुणीतरी उभं राहून बोलायला लागल्यासारखं होतं. तो हळू वाजवतोय हे खरं, पण जिल्बेर्तोच्या मापाने हळू नाही.

वरातीत हे वाजवायचा प्रयत्न मी करत नाही. तिथे ‘झिंगाट’च हवं, आणि ते मी मनापासून वाजवतो. पण पंगत बसली, वाढपी फिरायला लागले की साईड ड्रमवाल्याला सांगतो, काठी कातड्यावर नको, कडेवर टेकव. ढोल गप्प. मग ‘मार डालेगा’ घेतो, ओठ ढिला ठेवून. वाढणाऱ्याचं ‘भात घ्या, भात’ त्याच्यावरून ऐकू येतं, म्हणजे आवाज बरोबर आहे.

म्हणून यजमानांना एकच विनंती: पंगतीच्या अर्ध्या तासापुरता तरी डीजे बंद ठेवा.