टेमेरिटी म्हणजे धाडस?

परवा पूंछकडच्या एका चौकीवर मुक्काम होता. बाहेर बर्फ, आत बुखारी. पहाऱ्याची पाळी संपवून आलेला एक लान्स नायक बुखारीजवळ वही घेऊन बसला होता. मला पाहताच ताडकन उभा राहिला आणि वही पाठीमागे लपवली. मी हात पुढे केला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर वळणदार.

"एसीसीची तयारी करतोय, साहेब. लेखी निघाली. पुढच्या महिन्यात एसएसबी आहे."

आर्मी कॅडेट कॉलेज हा जवानाला अधिकारी होण्याचा मार्ग. देहरादूनला तीन वर्षं, मग आयएमएत एक. वयाची अट २७ आणि हा गडी सव्विशी ओलांडलेला. म्हणजे ही शेवटची संधी.

पानं चाळताना एका ओळीवर माझं बोट थांबलं. 'टेमेरिटी – धाडस.' हीच ओळ, याच अर्थासकट, कधीकाळी माझ्याही वहीत होती.

१९९८ साली मी खडकवासल्याला एनडीएत दाखल झालो तो सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी इंग्रजीचे २००. ते पाठांतरावर निभावले. बोलायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप. मेसमध्ये कुणी विनोद केला की सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा मी हसायचो. पुढे लिबर्टी मिळायला लागली तेव्हा पुण्यात अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड इझी' जुनं विकत घेतलं. ते पुस्तक शब्दाचं मूळ सांगून शब्द शिकवतं. मी ती पानं ओलांडली आणि नुसते शब्द व अर्थ उतरवून घेतले. रोज दहा. मला घाई होती.

त्या घाईचं बिल कॅप्टन झाल्यावर आलं. माझ्या कंपनीतल्या एका हवालदाराने गोळीबारातून जखमी साथीदाराला ओढून आणलं होतं. शौर्यपदकासाठी शिफारस मी लिहिली आणि ऐटीत 'टेमेरिटी' वापरला. सीओ साहेबांनी कागद परत पाठवला. शब्दाखाली लाल रेघ आणि शेजारी प्रश्न: हा माणूस शूर आहे की बेफिकीर?

शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये 'टेमेरे' म्हणजे आंधळेपणाने, विचार न करता. टेमेरिटी म्हणजे आगाऊ, अविचारी धाडस. माझा हवालदार तर आधी आडोसा हेरून, साथीदारांना कव्हरिंग फायर द्यायला सांगून मगच पुढे सरकला होता. त्याने जे केलं त्याच्या नेमकं उलट मी लिहिलं होतं. आपल्या शौर्याचा हिशोब त्याने माझ्या हवाली केला होता आणि माझं इंग्रजी त्याला वाचता येणार नव्हतं. त्या रात्री मी ते पान पुन्हा लिहिलं. तो कुठून निघाला, काय पाहिलं, काय केलं, एवढंच. एकही भारदस्त शब्द नाही. शिफारस मंजूर झाली.

हे सगळं त्या लान्स नायकाला सांगितलं. म्हटलं, आपल्याकडेही बघ. 'साहस' या शब्दाला संस्कृतात उतावळेपणाचा, अविचाराचा वास होता. आज मराठीत ती शाबासकी आहे. शब्दाचा स्वभाव यादीत कळत नाही. दहा नको, रोज तीनच शब्द घे. प्रत्येकाचं मूळ लिही, स्वतःच्या कामातलं एक वाक्य लिही आणि तो कुठे चालणार नाही तेही लिही. एसएसबीत ६० शब्द दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद. ते शब्द साधेच असतात. तिथे शब्दसंग्रह नाही, माणूस बघतात.

तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "बोलताना अडतं, साहेब. समोरचे फाडफाड बोलतात."

त्याला 'इन्फन्ट्री'चं मूळ सांगितलं. लॅटिन 'इन्फान्स' म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही तो. त्यावरून लहान मूल, मग पोरगा, मग घोडेस्वारांच्या मागे पायी चालणारा पोरगेला शिपाई आणि त्यांची मिळून इन्फन्ट्री. "म्हणजे बोलता न येणाऱ्यांचीच ही फौज. मीही त्यातलाच."

तो पहिल्यांदा मोकळा हसला. मग वहीतली ओळ खोडून म्हणाला, "मग धाडसाला काय लिहू, साहेब?"

"करेज. तुला येतोच की तो शब्द."

पहाटे चारला त्याची पुन्हा पाळी होती. मी त्याला झोपायला पाठवलं. वही मात्र उशाशी घेऊन गेला.

निकाल लागला की इथे कळवीनच. जय हिंद.