थांबलेल्या जागेचा पत्ता

पार्सर थांबवणं सोपं आहे. एक्स्पॅट या एक्सएमएल पार्सरमध्ये २००४ पासून तशी सोय आहे: हँडलरमधून थांबवायचा, हवा तेव्हा पुढे चालवायचा. रिकाम्या एलिमेंटच्या सुरुवातीला थांबवला तर त्याचा शेवट कळवूनच तो गप्प होतो. हा काटेकोरपणा मला फार आवडतो. पुल पार्सरला तेवढंही नको. पुढचं मागायचं नाही, झालं.

पण हे सगळं प्रोसेस जिवंत असेपर्यंत. मशीन रीस्टार्ट झालं की हातात उरतो फाइलमधल्या जागेचा आकडा, आणि त्या आकड्यामागे माझी उमेदीची वर्षं गेली. तो बाइटांत की अक्षरांत? मराठी विकिपीडियाच्या डंपमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८चे तीन बाइट खातं. अक्षरांत मोजलेल्या जागेवर सीक करता येत नाही. जावाच्या पुल पार्सरचा ऑफसेट इनपुट पाहून कधी बाइट सांगतो, कधी अक्षरं, आणि तो इंट असल्याने दोन जीबीपुढे त्यात आकडा मावत नाही. बाइट अचूक सापडला तरी तिथून सुरू झालेल्या नव्या पार्सरला कुठले टॅग उघडे आहेत, कुठला नेमस्पेस लागू आहे, काही ठाऊक नसतं.

म्हणून मी सगळं साठवायचो: उघड्या टॅगांचा स्टॅक, प्रीफिक्स, अर्धवट जमलेला मजकूर. वाक्याच्या मधोमध वीज गेली तरी त्याच शब्दावर उठणारा पार्सर! त्याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

गेल्या पावसाळ्यात टीममध्ये आलेल्या मुलीने विचारलं, "सर, पेजच्या मधे थांबायचंच कशाला?" तिने पेज संपलं की फक्त बाइटचा आकडा नोंदवला, तोही पेजच्या डेटासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. पुन्हा सुरू करताना नव्या पार्सरला आधी मूळ मीडियाविकी टॅग नेमस्पेससह भरवला, मग त्या आकड्यापासूनची फाइल. पार्सरच्या लेखी ते पहिलंच पेज. भरवलेल्या टॅगची लांबी मोजणीतून वजा केली की काम झालं.

हल्ली अनेकांचा सल्ला असतो, एक्सएमएल सोडा, ओळीला एक जेसन करा. ते रूपांतर करताना कुणीतरी ती अजस्र फाइल अथपासून इतिपर्यंत वाचलेली असते, आणि त्याचं काम मधेच तुटलं तर काय, हे त्यांना कधी विचारावंसं वाटत नाही. याचा मला राग येतो.

संपूर्ण इतिहासाच्या डंपमध्ये मात्र एकेका पेजच्या पोटात हजारो रिव्हिजन असू शकतात. पेज संपायची वाट पाहणं तिथे परवडत नाही. रिव्हिजनवर थांबायचं तर शीर्षक, आयडी, उघडा टॅग सोबत न्यावा लागतो. म्हणजे स्टॅक आलाच. तेवढा भाग तिने माझ्या जुन्या कोडमधून जसाच्या तसा उचलला. तो कमिट मी अधूनमधून उघडून बघतो.