तापीच्या पाण्यामागे बुऱ्हाणपूरपर्यंत

आमचे सावनेर कोलार नदीच्या काठी वसले आहे. इथून दोन रस्ते सातपुड्याकडे निघतात. एक छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्णा, मुलताईवरून बैतूलला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही दुसरा रस्ता धरला आणि तापीच्या पाण्यामागे बुऱ्हाणपूरपर्यंत गेलो.

मुलताईच्या तलावापाशी तापीचा उगम मानतात. वर्धा नदीही याच भागात उगम पावते. एकाच पठारावरचा पाऊस, पण वर्धेचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते आणि तापीचे सुरतेजवळ अरबी समुद्राला.

तापीचे खोरे हा जुन्या काळचा राजरस्ता. आग्र्याहून निघालेले काफिले असीरगडाजवळ सातपुडा उतरत, बुऱ्हाणपूरला मुक्काम करत आणि खानदेशातून सुरत गाठत. माणसांना, बैलांना रोज पाणी लागे, म्हणून वाट नदीच्या आसऱ्याने जाई. मोगल काळात हाजींची जहाजे सुरतेहून सुटत. म्हणून त्या बंदराला ‘बाब-उल-मक्का’ म्हणत.

बुऱ्हाणपूर फारुकी सुलतानांनी वसवले आणि त्याला सूफी शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. पुढे मोगल छावणी आणि व्यापार वाढला, तशी पाण्याची गरजही वाढली. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, ‘कुंडी भंडारा’ तयार झाला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरले, बोगद्याला शहराकडे हलका उतार दिला आणि हवा व सफाईसाठी वरून विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या. अशा कुंड्या शंभरच्या घरात आहेत. मोट नाही, पंप नाही. इराणच्या कोरड्या पठारावर अशा बोगद्याला कनात म्हणतात. तिथे कनातीचे पाणी जिथे उघड्यावर येते, तिथेच गाव आणि शेती उभी राहते.

आता लिफ्टने खाली उतरता येते. पायाशी नितळ पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. हे थर वाढत गेले की झिरपण्याच्या वाटा बुजतात. वर बोअरवेल वाढल्या, तर पाणी बोगद्यापर्यंत पोहोचण्याआधीच ओढले जाईल.

आमच्या सावनेर-काटोलकडेही संत्र्याच्या बागांसाठी बोअरवेल खोल खोल जात आहेत. कुंडी भंडाऱ्याने डोंगर देईल तेवढेच घेतले, म्हणून चारशे वर्षांनीही तो वाहतो आहे. मुलांना तो जरूर दाखवा. आणि घरी आल्यावर आपल्या मशिदीच्या हौदात पाणी कुठून येते, हे त्यांनाच शोधायला सांगा.